मदत हवी आहे : त्रेचाळिसाव्या वर्षी बेंच प्रेस सुरू केला, तर किती किलो उचलता येणे अपेक्षित आहे?

धागाकर्ता

नमस्कार. माझे वय ४३, उंची ५ फूट ७ इंच आणि वजन ७२ किलो आहे. राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीला, त्यामुळे दिवसाचे दहा-अकरा तास खुर्चीत किंवा गाडीत जातात. गेल्या वर्षीच्या तपासणीत रक्तदाब काठावर निघाला, तेव्हा डॉक्टरांनी चालण्याच्या जोडीला वजनाचे व्यायामही करायला सांगितले आणि मी घराजवळच्या एका जिममध्ये नाव नोंदवले. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहा वाजता, असे चार महिने न चुकता जात आहे. प्रश्न बेंच प्रेसचा, म्हणजे बाकावर उताणे झोपून वजनाचा रॉड छातीपासून वर ढकलण्याचा आहे आणि तो थोडा सविस्तर मांडतो, कारण आतापर्यंत मला मिळालेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिल्या दिवशी ट्रेनरने रॉडला दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलोच्या प्लेटा लावल्या आणि ‘रॉड वीसचा, म्हणजे पंचवीस झाले’ असे सांगितले. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस दोन्ही बाजूंना दहा-दहा किलो लागले होते आणि त्या वजनाचे आठ रेप होत होते, म्हणजे ते सलग आठ वेळा वर जात होते. मी वहीत ४० किलो असे लिहीत गेलो आणि खरे सांगतो, तो आकडा लिहिताना मला फार समाधान वाटत असे. लहानपणी पेठेतल्या तालमीत जात होतो. तिथे वस्ताद जोर किती मारले एवढेच विचारायचे, किलोचा हिशेब कोणी ठेवत नसे. त्यामुळे वजनाच्या रूपात स्वतःची ताकद पहिल्यांदाच दिसत होती.

मागच्या महिन्यात कामाची वेळ बदलली आणि मी बाणेरच्या दुसऱ्या जिममध्ये जाऊ लागलो. तिथला रॉड सात फुटी, टोकाला जाड, ज्याला ऑलिंपिक रॉड म्हणतात तो आहे. रॉड धरून एकूण ४० किलो होतील एवढ्या प्लेटा लावून मी झोपलो, रॉड छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. शेजारच्या दोघांनी धावत येऊन तो उचलला. आठ रेपचे वजन एकदाही वर गेले नाही, हे मला समजेना. शेवटी जुन्या जिममध्ये परवानगी घेऊन घरचा वजनकाटा नेला, आधी एकटा उभा राहिलो, मग रॉड हातात धरून उभा राहिलो. फरक ९ किलो २०० ग्रॅमचा निघाला. म्हणजे माझे ४० किलो हे २९ किलो २०० ग्रॅम होते. त्याशिवाय शेवटच्या दोन-तीन रेपना ट्रेनर ‘फक्त बोट लावलंय’ म्हणत रॉडला हात देत असत. ते बोट किती किलोंचे होते, हे मोजायचा मार्ग माझ्यापाशी नाही.

नव्या रॉडवर आता ३० किलोचे सात रेप कोणाच्याही मदतीशिवाय होतात. चार महिन्यांच्या मेहनतीनंतर माझ्या वयाच्या आणि वजनाच्या माणसाला हे कमी आहे का? जुने ट्रेनर म्हणत होते की तीन महिन्यांत स्वतःच्या वजनाइतका बेंच व्हायलाच हवा. नवे ट्रेनर म्हणतात की आकड्याकडे बघूच नका. मला मात्र आकडा हवा आहे, कारण त्याशिवाय पुढे जातो आहे की नाही, हे मला कळत नाही. आणखी एक गोष्ट समजत नाही. पुश-अप्स माझे सलग दहा होतात, मात्र छाती जमिनीपासून वीतभर वर राहते. पुश-अपमध्ये तर शरीराचे बरेचसे वजन हातांवर येते, मग ४० किलोचा रॉड का अडतो?

शिवाय गेले तीन आठवडे रॉड खाली आला की डाव्या खांद्याला पुढच्या बाजूने दुखते. हे चालवून घ्यायचे की थांबायचे, तेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी बारा वर्षे लिफ्टिंग करतो आहे आणि जिल्हा पातळीवरच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धांत उतरलो आहे. पहिली गोष्ट अशी की तुमची ताकद कुठेही गेलेली नाही. तुम्ही २९ वर होतात आणि आता मदतीशिवाय ३० वर आहात, म्हणजे पुढेच गेला आहात. पूर्ण मापाचा ऑलिंपिक रॉड २० किलोंचा असतो, त्याची प्लेट बसण्याची टोके ५० मिलिमीटर जाडीची असतात. आपल्याकडच्या अनेक लहान जिममध्ये असतात ते पाच-सहा फुटी, सगळीकडे सारख्या जाडीचे रॉड वेगळे. त्यांचे वजन लांबी आणि जाडीप्रमाणे बदलते, आणि सवयीने सगळ्यांनाच ‘वीसचा’ म्हटले जाते. तुम्ही वजनकाट्यावर उभे राहून जे केले, ते प्रत्येक नवशिक्याने पहिल्याच आठवड्यात करावे असे मला मनापासून वाटते.

आता आकडा. जास्तीत जास्त एकदा किती उचलता येईल याचा अंदाज काढण्याचे एक प्रचलित सूत्र आहे: वजनाला रेपच्या संख्येने गुणायचे, त्याला ३० ने भागायचे आणि आलेली संख्या मूळ वजनात मिळवायची. तुमचे ३० गुणिले ७ म्हणजे २१०, भागिले ३० म्हणजे ७, आणि ३० अधिक ७ म्हणजे ३७ किलो. दहाच्या वर रेप गेले की हे सूत्र फसते, पण सातला ते पुरेसे विश्वासार्ह आहे. तुमच्या शरीराच्या वजनाचे निम्मे ३६ होते. व्यायामाची सवय नसलेला प्रौढ पुरुष सुरुवातीला साधारण या निम्म्याच्या आसपास असतो, कोणी वर, कोणी खाली. तुम्हाला चार महिने झाले आहेत हे खरे, पण त्यातले बरेचसे चुकीच्या मोजमापात आणि दुसऱ्याच्या बोटाच्या आधारावर गेले. म्हणून खरी सुरुवात ही समजा आणि निम्मे हा कमीपणाचा आकडा मानू नका.

तीन महिन्यांत शरीराच्या वजनाइतका बेंच हे विधान मला मान्य नाही. विशीतल्या, खेळाची पार्श्वभूमी असलेल्या आणि भरपूर खाणाऱ्या मुलांपैकी काहींना ते जमते. त्रेचाळीस वर्षांच्या, बैठे काम करणाऱ्या माणसाने पहिल्या वर्षाच्या अखेरीस वजनाच्या पाऊण पटीपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत ५४ किलोंच्या जवळ जाण्याचे लक्ष्य ठेवावे. ते मेहनतीचे आणि आवाक्यातले आहे. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद झपाट्याने वाढते, ती स्नायू मोठे झाल्यामुळे नव्हे, तर मेंदू आणि मज्जातंतू त्या हालचालीसाठी स्नायूंचे अधिकाधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतात म्हणून. तो वेग पुढे राहत नाही, आणि नेमके तेव्हाच लोक निराश होऊन सोडून देतात.

पुश-अपचे उत्तर तुमच्या त्या ‘वीतभर’ शब्दात आहे. नीट केलेल्या पुश-अपमध्ये वर असताना शरीराच्या सुमारे दोन तृतीयांश आणि खाली गेल्यावर सुमारे तीन चतुर्थांश वजन हातांवर येते. म्हणजे सर्वांत जड आणि सर्वांत अवघड असा शेवटचा वीतभर भाग तुम्ही करतच नाही, आणि बेंचवर रॉड नेमका तिथेच अडला. दुसरे कारण असे की जमीन हलत नाही, रॉड हलतो; त्याला सरळ रेषेत ठेवण्यातच नवशिक्याची बरीच ताकद खर्च होते. छाती जमिनीला टेकवून किती पुश-अप्स होतात ते बघा. पाचच झाले तरी चालतील, पण तेच मोजा.

वाढ कशी करावी, तर आठवड्यातून दोनदा बेंच आणि प्रत्येक वेळी पाच ते आठ रेपचे तीन सेट (न थांबता केलेले रेप म्हणजे एक सेट). तिन्ही सेट आठवर पोहोचले की एकूण अडीच किलो वाढवायचे, रेप पुन्हा पाच-सहावर येतील, मग पुन्हा चढायचे. बहुतेक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते, त्यामुळे कमीत कमी वाढ पाच किलोंची होते. शंभर किलो उचलणाऱ्याला पाच किलो म्हणजे पाच टक्के, तुम्हाला मात्र ३० वरून ३५ म्हणजे जवळजवळ सतरा टक्के. इथेच नवशिके अडकतात आणि ताकद संपली असे समजतात. सव्वा किलोच्या दोन प्लेटा स्वतःच्या पिशवीत ठेवा.

शेवटी सुरक्षिततेचे, आणि हे मी कळकळीने सांगतो. त्या दिवशी शेजारी दोघे होते म्हणून निभावले. रॅकला, म्हणजे रॉड ठेवायच्या चौकटीला, पडणारा रॉड अडवणाऱ्या आडव्या सेफ्टी पिना असतील तर त्या छातीच्या पातळीपेक्षा किंचित खाली लावल्याशिवाय एकट्याने झोपू नका. पिना नसतील आणि कोणी सोबत नसेल, तर त्या दिवशी डंबेल घ्या. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच हवा. अंगठा न गुंडाळता धरलेला रॉड हातातून निसटून छातीवर किंवा गळ्यावर पडू शकतो, आणि अशा अपघातांत माणसे दगावलेली आहेत. स्पॉटरलाही, म्हणजे मदतीसाठी डोक्याशी उभ्या राहणाऱ्यालाही, आधीच सांगून ठेवा की रॉड थांबल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि हात लागला तर तो रेप मोजायचा नाही. स्पर्धेत तर रॉड छातीवर स्थिर झाल्यावर पंच सांगतात तेव्हाच वर ढकलायचा असतो. छातीवर आपटून उसळलेल्या रॉडची आणि त्या रॉडची तुलना होत नाही.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करता येत नाही, पण आधी एक विचारते: दुखणे नक्की खांद्यालाच आहे ना? तुमचे वय चाळिशीच्या पुढे, रक्तदाब काठावर आणि बाजू डावी, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. श्रम करताना छातीत दाब, धाप, घाम, किंवा हातात अथवा जबड्यात पसरणारी कळ असे काही असेल, तर इथल्या उत्तरांची वाट न पाहता आजच डॉक्टरांकडे जा. आणि वजन ढकलताना श्वास कोंडून धरू नका, त्याने रक्तदाब क्षणात बराच वर जातो. खाली घेताना श्वास आत, वर ढकलताना बाहेर.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. दुखणे खांद्याच्या पुढच्या टोकाला, बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी आहे आणि तो हात डोक्यावर नेऊन मागे वळवला तरी जाणवते. छातीत काही नाही. तपासणीत ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट दोन्ही झाल्या होत्या, त्या ठीक होत्या. तरीही डॉक्टरांना पुन्हा दाखवतो.

मी कोपरे खांद्याच्या रेषेत, शरीराशी काटकोनात ठेवतो आणि रॉड गळ्याच्या हाडाजवळ उतरवतो. पहिल्या दिवसापासून तसेच शिकवले होते.

प्रतिसाद २

मग कारण बहुधा तिथेच आहे. कोपरे काटकोनात पसरून रॉड वरच्या छातीवर उतरवला की दंडाच्या हाडाचे डोके आणि वरचे हाड यांच्यामधली जागा कमी होते आणि तिथले स्नायुबंध प्रत्येक रेपला घासले जातात. पाठीचे दोन्ही फरे एकमेकांकडे ओढून बेंचवर घट्ट रोवा, पाय जमिनीवर पूर्ण टेकवा, कोपरे धडाशी साधारण ४५ ते ६० अंशांत ठेवा आणि रॉड छातीच्या खालच्या भागावर उतरवा. खाली पोहोचल्यावर मनगटाच्या बरोबर खाली कोपर यायला हवे. दहा-बारा दिवस रॉड बंद ठेवून हलके डंबेल घ्या, तळवे एकमेकांकडे वळवलेले. जितके सेट ढकलण्याचे, निदान तितकेच ओढण्याचेही करा, म्हणजे रोइंग. दिवसभर स्टिअरिंग आणि कीबोर्डपुढे खांदे पुढे आलेले असतात, त्यात नुसता बेंच वाढवला की ते आणखी पुढे येतात. रात्री त्या कुशीवर झोपता येईनासे झाले किंवा हात उचलताना ताकद कमी वाटली, तर मात्र प्रत्यक्ष तपासणी करून घ्या.

प्रतिसाद ३

दादा, माझे वजन ५६ किलो आहे आणि सुरुवातीला मला रिकामा वीसचा रॉडसुद्धा तीनदाच गेला होता. आमच्या जिममध्ये १५ किलोंचा, म्हणजे महिलांच्या मापाचा रॉड आहे हे मला दोन महिन्यांनी समजले, कारण तो कोपऱ्यात उभा असायचा आणि कोणी सांगितलेच नव्हते. तुम्हाला वर सुचवले आहे तशी मीही पाच-पाच किलोंची डंबेल घेऊन मागे गेले आणि मग पुन्हा रॉडवर आले. आज सव्वा वर्षानंतर ३२.५ किलोचे पाच रेप होतात. प्रतिसाद १ मधले सूत्र लावले तर ते ३८ च्या जवळ येते, म्हणजे माझ्या वजनाच्या दोन तृतीयांशांहून थोडे जास्त. हे लिहिण्याचे कारण एवढेच, की हळू वाढलेला आकडा टिकतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

धागाकर्ता

पाच आठवड्यांनी लिहितो आहे. डॉक्टरांनी तपासून हृदयाच्या बाजूने काळजीचे काही नसल्याचे सांगितले. बारा दिवस डंबेल आणि रोइंग केले, मग रिकाम्या ऑलिंपिक रॉडपासून पुन्हा सुरुवात केली. कोपरे आत घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रॉड डगमगत होता आणि २५ सुद्धा जड वाटले, पण खांद्याचे दुखणे उतरत गेले आणि आता रॉड खाली आल्यावर काहीही जाणवत नाही. कालच्या सोमवारी ३० किलोचे तिन्ही सेट आठ-आठ रेपचे झाले, पिना लावून आणि कोणाचाही हात न लागता. छाती टेकवून पुश-अप्स चार होतात. वहीतल्या जुन्या जिमच्या सगळ्या आकड्यांतून १० किलो ८०० ग्रॅम वजा करून ते पुन्हा लिहून काढले.

आता साडेबत्तीसवर जायचे आहे आणि जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटा नाहीत. ५० मिलिमीटरच्या रॉडला बसणाऱ्या अशा सुट्या दोन प्लेटा पुण्यात कोणी विकत घेतल्या असतील, तर दुकान कोणत्या भागात आहे ते कृपया सांगावे. घेण्यापूर्वी वजनकाटा सोबत नेणार आहे.