पायाचे हाड जबड्यात जगते कसे?

प्रश्न (डिचोली): माझ्या मामांच्या खालच्या जबड्याला कर्करोग झाला असून, रोगट भाग काढल्यावर तेथे पायाचे हाड बसवावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सुटे केलेले हाड दुसरीकडे जगते कसे, आणि मामा पुन्हा चालतील का? मामींना रात्री झोप नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (सर्जन, म्हापसा): मामींना प्रथम हे सांगा की, शरीराचा भार मुख्यतः नडगीचे हाड पेलते, जबड्यासाठी घेतात ते तिच्या बाहेरच्या बाजूचे बारीक फिब्युला, तेही गुडघ्याकडचा व घोट्याकडचा भाग जागेवर ठेवून. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत नीट चालू लागतात. हाडाला पोसणारी धमनी व शिरा सोबतच घेतात आणि मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडतात. जोडताना वाहिन्या बंद ठेवणारे चिमटे (क्लॅम्प) सोडल्यावर हाडासोबत आणलेली फिकट त्वचा गुलाबी होऊन तिच्या कडांतून ताजे रक्त झिरपू लागते, तेव्हा जीवात जीव येतो. पहिले दोन-तीन दिवस गुठळीची भीती असते, म्हणून परिचारिका तासातासाला त्या त्वचेचा रंग पाहतात; ती काळवंडली, तर रुग्णाला तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते.

उत्तर (निवृत्त शिक्षक, फोंडा): पुण्याकडे कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेतून घडवल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती, पण ती त्वचा नवे नाक रुजेपर्यंत कपाळाला जोडलेलीच ठेवावी लागे. १९६० मध्ये जेकबसन आणि सुआरेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दीड मिलिमीटरहूनही अरुंद वाहिन्या जोडून दाखवल्या, तेव्हा हे बंधन सुटण्याची वाट दिसली. १९६५ मध्ये जपानमध्ये पूर्ण तुटलेला अंगठा जोडला गेला, १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टेलर यांनी फिब्युला वाहिन्यांसह हलवले आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यांनी त्यातून जबडा घडवल्याचे प्रसिद्ध केले.

उत्तर (कुंडई): आमच्या वर्कशॉपमध्ये एकाचे बोट तुटले, तेव्हा आम्ही ते घाईघाईने थेट मासळीच्या बर्फात ठेवले, ती चूक होती. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी.

प्रश्नकर्ता: सर्वांना देव बरें करूं. मामा विडी ओढतात, त्याने काही बिघडते का?

सर्जन: निश्चितच. निकोटीनने वाहिन्या आकसतात. विडी आजच बंद करायला लावा आणि पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारा.