निधी मंजूर झालाय, आता आधी बांधकाम की आधी माणसं?

रानवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमची संस्था छोटी आहे, आजूबाजूच्या काही गावांचा मिळून तीन वर्षांचा विकास आराखडा करायचं काम आमच्याकडे आलंय. निधी मंजूर आहे पण तो कशावर घालायचा ते आम्हीच सुचवायचंय आणि तिथंच गाडी अडलीये. निम्मे जण म्हणतात रस्ता, गोदाम, शीतगृह आधी उभं करा, डोळ्यांना काहीतरी दिसलं की लोक आपोआप येतात. बाकीच्यांचं म्हणणं आधी गट, प्रशिक्षण, जमल्यास एखादी सहकारी संस्था, विटा-सिमेंट नंतर. मला दोन्ही पटतं आणि दोन्हीची धास्ती पण वाटते, कारण उद्घाटनानंतर कुलूप लागलेल्या इमारती पाहिल्यात आणि वर्षानुवर्षं नुसत्या बैठका घेऊन शेवटी सतरंज्या झटकून उठलेले गट पण पाहिलेत. हे खरंच कुठं जमलंय असं नीट नोंद असलेलं उदाहरण कुणी सांगेल का? आणि 'लोकसहभाग महत्त्वाचा' हे वाक्य सोडून बोला प्लीज, ते प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर असतंच.

पायवाट७२

ताई, दक्षिण कोरियाची सेमाउल उंदोंग म्हणजे 'नवं गाव' चळवळ बघा, तुमचा प्रश्न तिथं जवळजवळ प्रयोग करून तपासलाय. १९७० मध्ये देशात सिमेंट जास्तीचं झालं होतं, तर सरकारनं सुमारे ३३ हजार गावांना प्रत्येकी ३३५ पोती सरसकट वाटली. गाव मोठं का छोटं, गरीब का बरं, काही बघितलं नाही. अट एवढीच की घरोघरी वाटून घ्यायची नाहीत, गावाच्या सामाईक कामाला वापरायची, आणि काम कुठलं ते गावानं बसून ठरवायचं. कुठं गावात शिरायचा रस्ता रुंद केला आणि त्यासाठी लोकांनी आपली जमीन फुकट सोडली, कुठं छोटा पूल, कुठं विहीर, कुठं धुणं धुवायची जागा. आणि काही गावांनी काहीच धड केलं नाही.

खरी गंमत पुढच्या वर्षी. ज्या साधारण १६ हजार ६०० गावांनी काम करून दाखवलं त्यांनाच पुढचा हप्ता, ५०० पोती आणि एक टन लोखंड. बाकीच्यांना शून्य. म्हणजे आधी बांधकाम का आधी माणसं असं नव्हतंच ते, थोडंसं बांधकाम देऊन माणसं कुठं जागी आहेत ते शोधून काढलं. मला तर वाटतं सिमेंट निवडलं गेलं हे पण नशीबच, पैसा खात्यात पडून राहतो पण सिमेंटला ओल लागली की दगड होतो, त्यामुळं गावाला दोन-चार महिन्यांत निर्णय घ्यावाच लागतो, भांडत बसायला वेळच नाही.

हिशोबनीस

पायवाटराव, उदाहरण चांगलंय पण अर्धंच सांगताय. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-हीची राजवट होती ती, १९७२ नंतर तर उघड हुकूमशाही. गवताची छपरं काढून पत्रे आणि कौलं घालायची मोहीम निघाली त्यात किती गावं मनानं उतरली आणि किती वरून दट्ट्या आला म्हणून, हा प्रश्न आहेच, आणि छपरापायी कर्ज डोक्यावर घेतलेली कुटुंबं पण होती. दुसरं, त्याच काळात सरकार शेतकऱ्याकडून तांदूळ चढ्या भावानं घेऊन शहरात स्वस्तात विकत होतं, वर जास्त उतारा देणारं तोंगिल वाण आलं. खेड्यातलं उत्पन्न वाढलं त्यात पोत्यांचा वाटा किती आणि भावाचा किती हे वेगळं काढायला गेलात तर भांडणं लागतील. आणि एवढं होऊनही तरुण पोरं शहरात गेलीच, ते काही थांबलं नाही.

तरी पण 'सगळ्यांना थोडं, करून दाखवेल त्याला जास्त' ही पद्धत मला मान्य आहे. फक्त एक काळजी घ्या, जे गाव पहिल्या वर्षी मागं राहिलं ते आळशीच असेल असं धरून चालू नका. दोन गट भांडत असतील, जमीन चार जणांच्या हातात असेल, सगळे कामाला बाहेरगावी असतील. अशा गावाला बक्षीस बंद करून काही हलत नाही, तिथं एखादा माणूस वर्षभर बसवावा लागतो.

आंबेमोहोर

मी जपानचं ओयामा सांगते, मला ते कोरियापेक्षा जास्त आवडतं कारण सुरुवात गावातून झाली. ओइता प्रांतातलं डोंगरातलं गाव, सपाट जमीन जेमतेम. सरकारचा सगळा जोर भातावर होता आणि यांनी १९६१ मध्ये ठरवलं की आपल्याला भात परवडत नाही, आपण उमे म्हणजे तिकडचा आंबट प्लम आणि चेस्टनट लावू. घोषणा काय होती माहितीये? 'प्लम आणि चेस्टनट लावा, हवाईला जाऊया!' आणि खरंच गेले १९६७ ला 😀 आता यात हवाई चेष्टेचा विषय वाटेल पण नीट बघा, पहिला टप्पा उत्पन्नाचा होता आणि दुसरा माणसं घडवण्याचा, त्यात तरुण पोरांना इस्रायलच्या किबुत्झमध्ये, म्हणजे तिथल्या सामूहिक शेतीच्या वसाहतींत, राहून यायला पाठवलं. कच्चा माल विकून थांबले नाहीत, प्रक्रिया स्वतः, विक्री पण स्वतः. पुढं १९७९ मध्ये तिथले गव्हर्नर हिरामात्सु यांनी यावरूनच 'एक गाव एक उत्पादन' काढलं, मग थायलंडनं उचललं, आपल्याकडचं 'एक जिल्हा एक उत्पादन' त्याच वळणाचं.

पण नक्कल करताना सगळे उत्पादन उचलतात आणि मधली गोष्ट गाळतात. ओयामात काय लावायचं हे गावानं ठरवलं, तेही सरकारचं न ऐकता. यादी वरून आली की ते 'एक गाव एक टार्गेट' होतं.

रानवाट

आंबेमोहोर, शेवटच्या ओळीला +१००. पायवाटदादा, हिशोबनीसकाका, दोघांचेही आभार, आमच्या बैठकीत हेच दोन आवाज असतात फक्त इतक्या शांतपणे नाही. एक अडचण राहते, समजा पहिल्या वर्षी सगळ्या गावांना थोडं थोडं दिलं, पण गोदाम किंवा प्रक्रिया युनिट असलं मोठं काम एका गावाचं नसतं. ते चालवायचं कुणी?

जुनाट_सहकारी

रायफायझन वाचा, गावातल्या सहकारी पतसंस्थांचा पाया घालणारा. जर्मनीत १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात हा माणूस एका गावगटाचा प्रमुख होता, श्रीमंतांकडून पैसे गोळा करून गरिबांना मदत सुरू केली. काही वर्षं चाललं, मग देणाऱ्यांचा उत्साह आटला, जो आटतोच. तेव्हा १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ गावात त्यानं पद्धतच बदलली, ज्यांना कर्ज हवंय तेच सभासद आणि बुडालं तर सगळ्यांची अमर्याद जबाबदारी. म्हणून कार्यक्षेत्र मुद्दाम छोटं ठेवायचे, एकमेकांना ओळखणारी माणसं हवीत, कुणाची म्हैस विकली गेली आणि कोण जुगारात बसतो हे माहिती असणारी. पदाधिकारी बिनपगारी, पगार फक्त हिशोब लिहिणाऱ्याला. आपला १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा याच नमुन्यावर बेतलेला, फक्त इथं नोंदणी करायला सरकारी निबंधक बसला आणि संस्था गावाची न राहता त्याची झाली, तो वेगळा धागा होईल.

तर गोदामाबद्दल माझं मत, ज्यांचा माल त्यात राहणार त्यांच्या खिशातले थोडे तरी पैसे गेल्याशिवाय पाया खणू नका. आणि निधीतला पहिला पगार इंजिनिअरला नको, हिशोब लिहिणाऱ्याला द्या. स्पेनमध्ये मोंद्रागोनला, जिथं कामगारांच्या मालकीचे सहकारी कारखाने आहेत, तिथं पण आधी १९४३ ची तंत्रशाळा आहे, पहिला कारखाना १९५६ चा. १३ वर्षं मध्ये गेली.

रानवाट

१३ वर्षं!! आम्हाला मार्चअखेर खर्च दाखवायचाय हो.

हिशोबनीस

मग देणाऱ्यांशी भांडा, पण कागद घेऊन भांडा. युरोपियन युनियनचा लीडर नावाचा ग्रामीण कार्यक्रम १९९१ पासून चालू आहे, त्यात स्थानिक गट स्वतःची योजना ठरवतो आणि निर्णय कुठल्याही एकाच बाजूच्या, सरकारच्याही, हातात राहू देत नाहीत (२०१४-२० च्या नियमांत सरकारी बाजूला मतांत ४९ टक्क्यांच्या वर जाता येत नव्हतं). तिथं पूर्वतयारीचा म्हणून वेगळा निधी दिलेला आहे, गट बांधायला, लोकांना शिकवायला, योजना लिहायला. तुमच्या आराखड्यात तसंच स्वतंत्र शीर्ष टाका, म्हणजे बैठकांचा खर्च 'इतर' मध्ये लपवावा लागणार नाही आणि मार्चअखेर आकडा पण दिसेल. जमलं तर मसुदा इथं टाका, नजरेखालून घालतो.