पुतण्या म्हणून नव्हे, पाण्यासाठी

कुणीतरी लिहिलंय की सुधाकरराव नाईक म्हणजे फक्त माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचे पुतणे. हे पटत नाही. गहुलीचे सरपंच, मग यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, मंत्री आणि १९९१ ला मुख्यमंत्री, अशी पायरी पायरीनं चढलेली वाट आहे ती. मुख्यमंत्रिपद दोन वर्षंही टिकलं नाही, पण १९९२ मध्ये त्यांनी जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं, ते टिकलं. आमच्या पुसदकडच्या शिवारात नाल्यावर मातीचा बांध पडला, तेव्हा त्याचं मोल कळलं. आधी होळी झाली की विहिरीत बादली खडकावर आपटायची. बांधानंतर चैत्रातही दोर ओला निघायचा. पुढं बांध गाळानं भरला, कुणी उपसला नाही, तो दोष त्यांच्या माथी मारू नका.