साडीने पाणी गाळलं की पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू खरंच अडकतात?

निवळी: तळ्यातल्या बारीक किड्यांच्या अंगावर बसून पटकीचे जंतू माणसापर्यंत येतात आणि बांगलादेशात साडीने पाणी गाळून साथ कमी केली, असं वाचलं. जंतू एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तो कापडात राहतो कसा? नारूसाठी (पाण्यातून होणारा जंताचा रोग) गाळायचे तसं दुपदरी फडकं पुरेल का?

भिंगवाला: सुटा जंतू राहतच नाही, निसटतो. अडकतो तो कोपेपॉड, म्हणजे तुम्ही म्हणता तो बारीक किडा; नारू पसरवणाऱ्या सायक्लॉप्स किड्याच्या गोतावळ्यातला. त्याचं कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं. पटकीचा जंतू त्याला चिकटतो आणि त्यावरच पोसतो. तोंडाभोवती आणि मादीच्या अंड्यांच्या पिशव्यांवर दाटी जास्त. एकेका किड्यावर दहा हजारांपर्यंत जंतू असू शकतात, म्हणजे पेल्यात थोडे किडे आले तरी पुरे.

दुपदरी फडक्यात मोठा सायक्लॉप्स राहतो, तो मिलिमीटरभर असतो. पिल्लं त्याच्या दहाव्या हिश्शाची. त्यांच्यासाठी छिद्रं 20 मायक्रॉनच्या आसपास हवीत. जुनी सुती साडी निदान चारदा दुमडली की तेवढी होतात. नवी नको: धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटतात तेव्हाच छिद्रं बुजतात. घडी कळशीच्या तोंडावर ताणून बांधा, वरची बाजू कायम वरच ठेवा. उलटली की अडकलेले किडे थेट कळशीत! नंतर साडी खळखळून धुवा, शेवटचा हात गाळलेल्या पाण्याचा, मग कडक उन्हात वाळवा.

बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागातल्या 65 गावांत रीटा कोलवेल, अन्वर हक वगैरे संशोधकांनी हे करून पाहिलं (निष्कर्ष 2003चे). साडीवाल्या गावांत पटकी 48 टक्क्यांनी घटली.

निवळी: पावसाळ्यात ऊन नसलं तर?

भिंगवाला: साडी पातेल्यात उकळून काढा.

टीसीएल: 48 म्हणजे निम्मीही नाही, हे विसरू नका. सुट्या जंतूंना क्लोरीन लागतंच. पण आधी गाळा, मग क्लोरीन; किड्याला चिकटलेला जंतू क्लोरीनला सहज दाद देत नाही.

विहिरीला हजार लिटरमागे 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर. व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर असेल तर सुमारे 28,000 लिटर, म्हणजे 70 ग्रॅम. कोरडी भुकटी वरून फेकतात ती तरंगत राहते. बादलीत आधी लापशी करा, मग पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. चुन्याचा गाळ बाहेर टाका, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीच्या पाण्याखाली सोडून हिसके द्या. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते कळतं. पिवळा रंग आला नाही तर पोतं बरेच दिवस उघडं पडलेलं असणार, क्लोरीन उडून गेलेलं.