मदत हवी आहे: शेवट न फोडता कादंबरीवर मत कसे मांडावे?

आमच्या वाचनगटाच्या पुढच्या बैठकीत मला नुकत्याच वाचलेल्या एका कादंबरीवर मत मांडायचे आहे. निवेदन प्रथमपुरुषी असून निवेदकाने वाचकापासून काय लपवले, हे शेवटच्या प्रकरणात उघड होते. माझा मुख्य आक्षेप त्या उलगड्यावरच आहे, कारण तिसऱ्या प्रकरणातील एका पत्राचा ओझरता उल्लेख सोडला, तर त्याची कुठेही पेरणी केलेली नाही. अडचण अशी, की निम्म्या सदस्यांचे वाचन अजून अपुरे आहे आणि बैठक पुढे ढकलता येत नाही. केवळ भाषाशैली व व्यक्तिचित्रणावर टिपण लिहून पाहिले, पण ते मलपृष्ठावरच्या मजकुरासारखे गुळमुळीत झाले. चर्चेचे दोन भाग करणे, म्हणजेच काहींना उठून जायला सांगणे, कोणालाच रुचले नाही. अशा वेळी हा आक्षेप सोदाहरण, तरीही शेवट न सांगता कसा मांडावा?