डी३ ची ६०,००० ची पुडी: औषध की प्रसाद?

चिंचगूळ

मागच्या पावसाळ्यात माझी आत्या (वय ७२) उलट्या आणि बद्धकोष्ठाने हैराण झाली. घरात सगळ्यांनी पित्तावर ढकललं. सूतशेखर झाली, जिऱ्याचं पाणी झालं. घसा सारखा कोरडा, रात्रीतून सहा वेळा बाथरूम, तेही वयावर ढकललं. पाचव्या दिवशी तिने मला विचारलं, "तुझे बाबा ऑफिसातून आले का गं?" बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा उचलून दवाखान्यात नेलं. रक्तातलं कॅल्शियम १३.८ (साधारण साडेदहापर्यंत ठीक समजतात), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) दुप्पट, आणि व्हिटॅमिन डीच्या रिपोर्टवर आकडाच नाही, नुसतं '१५० पेक्षा जास्त'.

कारण काय, तर डी३ ची ६०,००० युनिटची जी पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची, ती आत्या रोज रात्री दुधातून घेत होती. अडीच महिने. हिशेब केला तर ४५ लाख युनिट होतात. "गोड लागते, म्हटलं शक्तीचं असेल."

सलाइनवर आठवडा गेला. डॉक्टर म्हणाले, हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, बंद केलं तरी लगेच उतरत नाही. कॅल्शियम पूर्ण खाली यायला पुढे दोन महिने लागले.

आता मुद्दा. आयसीएमआरच्या हिशेबाने प्रौढ माणसाला दिवसाला ६०० युनिट पुरतात आणि ४,००० च्या वर रोज जाऊ नये. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजार. कमतरता असेल तर आठ आठवड्यांचा कोर्स मला मान्य आहे. पण तो संपतो कुठे? चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये राहतो, केमिस्ट तो बघून पुड्या देत राहतो, मग शेजारच्या काकूंचे गुडघे दुखतात म्हणून दोन पुड्या तिकडे जातात. रोजची १,००० ची गोळी चुकून सातपट खाल्ली तर ७,००० होतात, महिनाभराने कळलं तरी फारसं बिघडत नाही. आठवड्याची पुडी सातपट झाली की माणूस आयसीयूत. ज्या औषधात चुकीला जागाच नाही, ते हळदीकुंकवाच्या वाणासारखं वाटू नये.

कट्टेकरी

आत्याबाईंबद्दल वाईट वाटलं. पण दोष चिठ्ठीचा, आणि तुम्ही शिक्षा पुडीला देताय. संधिवाताला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. ते रोज घेऊन माणसं दगावली आहेत. मग मेथोट्रेक्सेट बंद करायचं का?

माझा अनुभव उलटा. माझी डीची लेव्हल ६ होती (लॅबवाले ३० च्या खाली 'कमी' लिहितात). पुण्यात आयटीत, सकाळी आठला आत, रात्री आठला बाहेर, ऊन बघायचं ते काचेतून. जिना चढताना मांड्या भरून यायच्या, बसल्यावर उठायला हाताचा टेकू लागायचा. बी१२ झालं, थायरॉइड झालं, 'स्ट्रेस घेऊ नका' झालं. शेवटी एकाने डी तपासलं आणि ही पुडी दिली. सहाव्या आठवड्यात मी सिंहगड चढलो. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की घ्या. रोजची गोळी कुणाच्या लक्षात राहत नाही हो. रविवारची पुडी राहते. न घेतलेल्या गोळीचा उपयोग शून्य.

चिंचगूळ

मेथोट्रेक्सेटचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. ते कुणी भावजयीला 'घेऊन बघ' म्हणून देत नाही. ते देताना डॉक्टर वार ठरवून देतात आणि मध्ये मध्ये रक्त तपासतात. पुडीचं तसं होतं का?

आणि 'प्रत्येकाला सांगतो' हेच तर दुखणं आहे. लेव्हल ६ असलेल्याला गुण आला म्हणून २८ वाल्याला येईल असं नाही.

उन्हाळवाट

या सगळ्या कंपन्यांच्या युक्त्या. आपल्या आज्यांनी कधी पुड्या घेतल्या? सकाळचं कोवळं ऊन, अंगाला तेल, बस्स.

भोचक_भवानी

आज्या कमरेत वाकल्या होत्या, हे सोयीस्कर विसरायचं. आपण त्याला 'वय झालं' म्हणायचो.

माफक

तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी कोवळ्या उन्हाचं. त्वचेत डी तयार करणारे किरण म्हणजे यूव्हीबी, आणि सूर्य खाली असताना ते वातावरणातच गाळले जातात. सकाळी सातच्या उन्हाने मन प्रसन्न होतं, डी जवळपास काहीच होत नाही. सावली तुमच्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं, म्हणजे साधारण अकरा ते दोनचं ऊन कामाचं. नेमकं तेव्हा आपण सावली शोधतो, आणि ते चूकही नाही, चैत्र-वैशाखात त्या वेळी कोण बसणार? काचेतून यूव्हीबी येत नाही, म्हणजे गॅलरी बंद करून घेतलेल्यांचं ऊन फुकट. सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शाकाहारी जेवणात डी नगण्य. अंड्याचा बलक, बांगडा, तारली यांत थोडं आहे. देशावरच्या शाकाहारी घरात ते यायचं कुठून?

आता चिंचगूळताई, तुमच्याशी भांडण. माझ्याकडे तिशीतल्या बायका येतात, तीन-चार बाळंतपणं झालेल्या, दिवसभर घरात किंवा अंगभर झाकलेल्या, बदकासारख्या डुलत चालणाऱ्या. हाडं दाबली की कळवळतात. त्यांना 'वात' म्हणून वर्षानुवर्षं वेदनाशामकं दिलेली असतात. हा ऑस्टिओमलेशिया, हाडं मऊ पडणं. डीची तपासणी हजार-बाराशेला, पुडी तीस-चाळीस रुपयांना. मजुरीवर जगणाऱ्या बाईला मी आधी तपासणी कर म्हणू? अल्कलाइन फॉस्फेटेज या रक्ताच्या साध्या तपासणीवरून अंदाज घेतो आणि पुड्या सुरू करतो. शहरातल्या माणसाला जास्त झालेलं दिसतं, मला कमी पडलेलं दिसतं.

दंडात मारायचं सहा लाखांचं इंजेक्शन मात्र मी कुणाला देत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांवर प्रयोग झाला होता, २०१० साली छापून आला. अर्ध्या जणींना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडाने दिले. हेतू फ्रॅक्चर टाळण्याचा. निकाल असा की डी घेणाऱ्या जणी १५ टक्के जास्त पडल्या आणि त्यांची हाडं २६ टक्के जास्त मोडली.

कट्टेकरी, एक विचारू? आठ आठवड्यांनंतर थांबलात का?

कट्टेकरी

डॉक्टर, तुम्ही माझीच बाजू मांडलीत, आभार. देशात निम्म्याहून जास्त लोक कमतरतेत असतील तर तपासण्यापेक्षा सरसकट देणं स्वस्त. शिवाय डी नुसतं हाडांपुरतं नाही. २०१७ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात २५ प्रयोगांचा, जवळपास ११,००० माणसांचा एकत्र हिशेब आला होता. श्वसनाचे संसर्ग कमी झाले, आणि ज्यांची पातळी तळाला होती त्यांना सर्वांत जास्त फायदा.

चिंचगूळ

त्या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग वाचा. फायदा दिसला तो रोज किंवा आठवड्याला बेताने घेणाऱ्यांत. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांत दिसला नाही. पुढे त्याच मंडळींनी नवे प्रयोग मिळवून पुन्हा बेरीज केली तेव्हा तो फायदा विरघळत गेला.

अमेरिकेतला 'व्हायटल' प्रयोग तर २५,८७१ लोकांवरचा. रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून जास्त. कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही, हृदयविकाराचं नाही, २०२२ साली फ्रॅक्चरचे आकडे आले त्यातही फरक नाही.

कट्टेकरी

त्यातल्या बहुतेकांची पातळी मुळातच चांगली होती! जेवून ढेकर दिलेल्या पंगतीला पुन्हा जिलबी वाढायची आणि म्हणायचं, बघा, जिलबीने भूक भागत नाही.

माफक

उपमा आवडली. पण कमतरता नसलेल्यांना वरून वाढल्याने काही होत नाही, हे त्यातून कळलंच की. तुम्ही 'प्रत्येकाला' सांगता ना, त्यातले बरेच जेवून उठलेले असतात.

अजून एक. कॅनडात कॅल्गरीला ३११ जणांना तीन वर्षं रोज ४००, ४,००० किंवा १०,००० युनिट दिले. मनगटाजवळच्या हाडाची घनता पहिल्या गटात १.२ टक्के उतरली, दुसऱ्यात २.४, तिसऱ्यात ३.५. जास्त डीने हाड जास्त भरेल या समजुतीच्या अगदी उलट. रोजचे दहा हजार आणि न थांबणारी आठवड्याची पुडी यांत अंतर थोडंच आहे.

माझा प्रश्न राहिला.

लेस्टरकर

इकडे इंग्लंडात ऑक्टोबर ते मार्च उन्हात उभं राहिलं तरी डी बनत नाही. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सांगतं, हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम घ्या, सावळ्या लोकांनी वर्षभर घेतलं तरी चालेल. १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट. जीपीकडे (फॅमिली डॉक्टर) तपासणी मागितली तर म्हणाली, लक्षणं नसतील तर गरज नाही, सुपरमार्केटातून गोळ्या घे.

आणि आई पुण्याहून येताना बॅगेत भाजणी, मेतकूट आणि वीस पुड्या घेऊन येते. "तुमच्याकडे ऊन नाही रे." दोन देश, एक मी, डोसात वीसपट फरक.

चिंचगूळ

यावर एक घोळ कुणी बोललंच नाही. 'कमतरता' कशाला म्हणायचं? आपल्या लॅबच्या रिपोर्टवर ३० च्या खाली ठळक अक्षरात 'कमी' येतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयओएम या वैद्यकीय संस्थेने म्हटलं, २० बहुतेकांना पुरे. त्याच वर्षी तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) ३० धरले. २०२४ मध्ये सोसायटीने तो ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांना उगाच तपासू नका असंही सांगितलं. पन्नाशीपुढे डी द्यायचंच तर मधूनमधून मोठा डोस नको, रोज थोडं द्या, हेही त्यातच आहे. आपल्याकडे 'फुल बॉडी चेकअप'वाला घरी येऊन रक्त नेतो आणि २४ लेव्हलचा माणूस संध्याकाळी पेशंट होतो.

उन्हाळवाट

म्हणजे मी म्हणालो तेच, कंपन्या.

भोचक_भवानी

नाही हो. तुम्ही कोवळं ऊन म्हणालात.

माफक

ताई, २४ वाल्याला मीही पुडी देत नाही. पण सोसायटीच्या त्याच कागदात मुलं, गरोदर बाया, पंचाहत्तरीपुढचे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे यांना तपासल्याशिवाय द्यायला हरकत नाही म्हटलंय, तेही वाचा. चुकीला जागा असावी हा तुमचा मुद्दा मात्र मला पटला. उद्यापासून एका वेळी चारच पुड्या देणार, आणि प्रत्येकीवर पेनाने तारीख घालून. वाचता येत नाही त्यांच्यासाठी बाजाराचा वार ठरवतो. आमच्याकडे गुरुवारचा बाजार कुणी विसरत नाही.

चिंचगूळ

हे आत्याच्या वेळी कुणी केलं असतं तर. ती आता बरी आहे. डबा उघडून रोज विचारते, "ही रोजची ना नक्की?" ती रक्तदाबाची असते.

कट्टेकरी

डॉक्टर, टाळत होतो. नाही थांबलो. आत्ता ड्रॉवर बघितला, बिलं जुळवली, चौदा महिने झाले. दर रविवारी, न चुकता. मध्ये एकदा मूतखडा होऊन गेला, पण तो पाणी कमी पिण्याने झाला असं मी धरून चाललो होतो.

पुडी सगळ्यांना द्यावी हे माझं मत अजून बदललेलं नाही. उद्या उपाशीपोटी कॅल्शियम आणि डी करून घेतो. रिपोर्ट इथेच टाकेन.