1887 चं चांदीचं कडं, गुलाब-थिसल-शॅमरॉकची नक्षी: उजाळा द्यावा का?

चंदेरी: बिजागरीचं, पोकळ चांदीचं कडं आहे. रुंदी 16 मिमी, वजन 23 ग्रॅम. वरच्या अर्ध्यावर मुकुट, ‘1837–1887’ आणि भोवती गुलाब, थिसल (काटेरी फूल), शॅमरॉक (तीन दलांचं पान) कोरलेत. खालचा अर्धा साधा. आतून शिक्के: चालता सिंह, जहाजाचा नांगर, एक अक्षर, राणीचं डोकं. नक्षी काळी पडलीय, खिट्टी सैल आहे, हातातून सुटतं. सराफ म्हणतात, अ‍ॅसिडमधून काढून उजाळा देतो आणि खिट्टीच्या जिभेला झाळ मारतो. देऊ का?

भिंग_10x: नका देऊ. कडं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं आहे. गुलाब इंग्लंडचा, थिसल स्कॉटलंडचं, शॅमरॉक आयर्लंडचं. नांगर म्हणजे चांदी बर्मिंगहॅम शहरात तपासली, सिंह म्हणजे 925 चांदी (92.5 टक्के शुद्ध). राणीचं डोकं हा कर भरल्याचा शिक्का. तो कर 1890 मध्ये उठला, त्यामुळे काळ जुळतो. नेमकं वर्ष अक्षरावरून कळेल, पण बर्मिंगहॅमच्याच वर्ष-अक्षरांच्या तक्त्याशी ताडा आणि अक्षराभोवतीच्या चौकटीचा आकारही बघा. साध्या अर्ध्यावरही सिंह शोधा. तो नसेल आणि चांदीचा रंगही वेगळा दिसला, तर तो भाग नंतर बदललेला असू शकतो.

रेघांमधला काळेपणा राहू द्या. त्याच्यामुळेच पाकळ्या उठून दिसतात. बफ (पॉलिशचं फिरतं चाक) मारला की कोरीव रेघांच्या कडा झिजतात, आणि ते नुकसान कायमचं. रोडियम या चकचकीत धातूचा मुलामा तर मुळीच नको.

सोडा_फॉइल: इतकं कशाला? अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा, गरम पाणी. पाच मिनिटांत लख्ख.

भिंग_10x: लख्ख होतं, तेच तर नको! रेघांमधला काळा थरही निघतो. शिवाय कडं पोकळ आहे. सांध्यातून सोड्याचं पाणी आत गेलं की महिनोन् महिने पाझरत राहतं. रिठ्याच्या सौम्य पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळा, फक्त वरचा सपाट भाग पुसा, लगेच कोरडं करा. टूथपेस्ट नको, तिच्यामुळे चरे पडतात.

झाळकाम: खिट्टीचं सांगतो. जीभ म्हणजे दुमडलेली चांदीची पट्टी, तिच्या स्प्रिंगवर सगळं चालतं. झाळ मारताना ती लालसर तापली की चांदी मऊ पडते, मग ती पुन्हा उसळत नाही. आधी दोन्ही पात्यांच्या फटीत पातळ सुरी घालून वरचं पातं जेमतेम अर्धा मिमी उचला. एकदाच, वारंवार वाकवलं तर दुमडीवर तडा जातो. तरीही सुटलं तर जिभेची अडकणारी कड झिजलीय, मग नवी जीभ बसवावी लागेल.

बिजागरीजवळ करडी, मऊ झाळ दिसते का तेही पाहा. ती शिशाची असते. त्यावर बत्ती (झाळकामाची ज्योत) मारली की शिसं चांदीत उतरतं आणि खड्डे पडतात. ती खरवडून काढल्याशिवाय कुणालाही बत्ती लावू देऊ नका.

चंदेरी: बिजागरीपाशी करडा ठिपका आहे खरा. सुरीचा उपाय करून बघते. तोवर घालायचं कसं?

झाळकाम: खिट्टीच्या दोन्ही बाजूंना बारीक कड्या असतील तर त्यांत 4–5 सेमीची चांदीची साखळी अडकवा, झाळ न लावता. ठेवताना हवाबंद पिशवीत. रबरबँड आणि लोकर जवळ नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते.